मैत्रिणीला भेटायला एकटीने शिकागो – जाऊ की नको?

शेवंती :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी मुलुंडला राहते, बँकेतून रिटायर झाले, साठी ओलांडलीय. माझी शाळेपासूनची मैत्रीण शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. आम्ही परळला एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो, मग ती लग्न होऊन तिकडे गेली ती गेलीच. इकडे येते पण ते येणं कसं, तर तीन आठवडे, त्यात भाच्याचं लग्न, पुण्याला सासर, दाताचं रूट कॅनल आणि शिवायला टाकलेले ब्लाउज. माझ्या वाट्याला एक दुपार, तीही दादरच्या हॉटेलात, टेबलाशी वेटर बिल घेऊन उभा आणि बाहेर लायनीत लोक आमच्याकडे बघतायत कधी उठतात म्हणून. मागच्या खेपेला जाताना म्हणाली, आता तूच ये गं निवांत. आणि मला खरंच जायचंय.

घरी विषय काढला तर पहिला प्रश्न, "का, तिला बरं नाहीये का?" अहो ठणठणीत आहे. सून म्हणाली, त्यांच्याकडे काही कार्य आहे का. नाही. मुलगा म्हणतो तेवढ्या पैशात तू आणि बाबा युरोपची टूर करून याल. ह्यांची ना नाही, पण गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला एवढं बसवत नाही, आणि "एकटी? एवढ्या लांब?" हे सकाळच्या चहाला एकदा आणि रात्री बातम्या संपल्यावर एकदा. नणंदेने तर सांगूनच टाकलं, लेकीची डिलिव्हरी वगैरे असती तर समजलं असतं.

व्हिसा आहे. मुलाच्या कॉन्व्होकेशनला टेक्ससला गेलो होतो तेव्हाचा दहा वर्षांचा, अजून शिल्लक आहे. पण तेव्हा सगळं ह्यांनी बघितलं, माझा पासपोर्टसुद्धा त्यांच्याच पाऊचमध्ये होता. मुंबईहून शिकागोला थेट विमान नाही, मध्ये बदलावं लागतं, धास्ती त्याचीच आहे. कोणी एकटीने गेलंय का? कुठून जावं? आणि खरं सांगा, नुसतं मैत्रिणीला भेटायला एवढं जाणं म्हणजे खूळ आहे का?

खमंगकाकडी :
जा जा जा! पुढचं न वाचता जा.

माहेरवाशीण :
+१. "डिलिव्हरी असती तर समजलं असतं" ला फिस्सकन हसले. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या काकूंनी अमेरिका पाहिली ती लेकीच्या किचनच्या खिडकीतून. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, दुपटी, सहा महिने आणि परत. ग्रँड कॅन्यन विचारलं तर म्हणतात फोटो आहे.

रोखठोक :
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. तिकीट, इन्शुरन्स, गिफ्टा, तिकडचा हातखर्च, सगळं धरलं तर रक्कम लहान नाही. आता व्हिडिओ कॉल आहे, रोज तासभर बोला, कोण अडवतंय. दुसरं म्हणजे मैत्रीण "ये" म्हणाली हे ठीक, तिच्या घरच्यांचं काय? तिकडे लोक कामाला जातात, गाडीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, तुम्ही तिच्या घरी सोफ्यावर बसून काय करणार? आपल्याकडे चार दिवसांचा पाहुणा गोड लागतो. तिकडे विमानाने आलेला पाहुणा महिनाभर हलत नाही.

खमंगकाकडी :
आले, काडी टाकायला आले. पॉपकॉर्न घेऊन बसतेय.

टर्मिनल_दोन :
तात्त्विक चर्चा तुम्ही करा, मी विमानाचं सांगतो.

शेवंतीताई, तीन वाटा आहेत. एक दिल्लीवरून. तिथून पुढे थेट जाणारं विमान मोहात पाडतं, पण एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं लांबच्या वाटेने जायला लागली, काहींना मध्ये युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. म्हणजे थेट म्हणून घ्यायचं आणि मध्येच कुठेतरी धावपट्टीवर बसून राहायचं. बुक करताना त्या वेळी काय चाललंय ते बघा.

दुसरी लंडनवरून. मुंबई ते लंडन साधारण साडेनऊ-दहा तास, पुढे शिकागो साधारण नऊ. दोन सारखे तुकडे पडतात, मध्ये पाय मोकळे होतात. पण हीथ्रोला टर्मिनल बदलावं लागलं तर बस आणि परत सिक्युरिटी.

तिसरी, जी मी माझ्या आईला घ्यायला लावली, अबू धाबी. मुंबईहून तीन-सव्वातीन तास, मग पुढे चौदा-पंधरा तासांची एकच लांब बैठक. बैठक जड आहे हे मान्य. पण फायदा असा की अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबू धाबीलाच होतं, २०१४ पासून ही सोय आहे. शिकागोला तुम्ही डोमेस्टिक पॅसेंजरसारख्या उतरता, बॅग उचलायची आणि बाहेर. रात्रभर बसून सुजलेल्या पायांनी, अर्धवट झोपेत त्या नागमोडी रांगेत दोन तास उभं राहायचं नाही. फक्त मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका, कारण ही सगळी वरात तिथे निघते.

आणि काहीही झालं तरी सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त पडतंय म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं लेट झालं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही.

शेवंती :
टर्मिनल_दोन, खूप आभार. ह्यांना वाचून दाखवलं. "बघ, पंधरा तास!" एवढंच ऐकू आलं त्यांना.

डॉ_गवतीचहा :
पंधरा तासांवरून माझी एंट्री. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. घाबरू नका, मुळात धोका कमी आहे, अशा प्रवासात साधारण सहा हजारांत एक. पण वय, वजन, व्हेरिकोज व्हेन्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हार्मोनच्या गोळ्या यांनी तो वाढतो. त्यामुळे आइलची सीट घ्या. खिडकीची घेतली की शेजारचा झोपतो आणि आपण मराठी माणसं, उठवायला लाजतो. मग तास न् तास बाथरूम दाबून बसणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं, हे मी पेशंटमध्ये कायम बघतो. दर दीड-दोन तासांनी मागे गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या किचनपर्यंत, चक्कर, बसल्या जागी पावलं वरखाली. केबिनची हवा खूप कोरडी असते, पाणी प्या. दाब देणारे पायमोजे घ्यायचे तर मापाचे, घरात पडलेले कोणाचेतरी नकोत. आणि मेहुण्याने सांगितलं म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका. उतरल्यावर काही दिवसांत एकच पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर मैत्रिणीला लाजू नका, सरळ डॉक्टर.

रोजची औषधं केबिन बॅगेत, मूळ पाकिटांसकट, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या कारण आपली ब्रँडची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत. बीपी-थायरॉइडच्या गोळ्यांची वेळ कशी बदलायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर घ्या. शिकागो उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. अर्धवट झोपेत ते गणित जमत नाही.

सातारी_तडका :
डॉक्टर, विमानात जेवण बेचव का लागतं तेही सांगा.

डॉ_गवतीचहा :
केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्यासारखा असतो, हवा कोरडी, नाक सुकतं, वास कमी येतो. गोड-खारट दोन्ही फिकं लागतं. ठेच्याची परवानगी आहे.

सातारी_तडका :
ठेचा ओला असतो हो. सिक्युरिटीवाला म्हणाला हे जेल आहे. मी म्हटलं जेल तुझ्या…

माहेरवाशीण :
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण खाण्याचं नीट सांगते, कारण यात बायका फसतात. तिकीट काढताना "हिंदू मील" म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका, त्यात चिकन-मटण येऊ शकतं. शाकाहारी हवं तर एशियन व्हेजिटेरियन सांगायचं, तेही निघण्याच्या आधी निदान दोन दिवस. लोणचं, तूप, चटणी, श्रीखंड हे सगळं सिक्युरिटीला लिक्विड, शंभर मिलिच्या वर हातात चालत नाही. अमेरिकेच्या विमानात पावडरीचंही आहे, केबिन बॅगेत ३५० मिलिहून जास्त असेल तर उघडून बघतात, अडवतातही. म्हणजे मेतकूट, भाजणी, गोडा मसाला सगळं चेक-इनला. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनला पण नको! तेलामुळे खोबरं आपोआप पेटू शकतं म्हणून आपल्याकडच्या एअरपोर्टवर काढून टाकतात. पॉवर बँक उलटी, ती चेक-इनमध्ये नाही, फक्त हातात.

खमंगकाकडी :
म्हणजे खोबरं स्फोटक आणि पॉवर बँक बरी. नोंद घेतली.

अवखळ :
आणि आंबे? मे मध्ये जात असाल तर मैत्रीण आंबेच मागणार.

टर्मिनल_दोन :
आंबे अजिबात नाही. हापूस अमेरिकेत जातो तो विकिरण करून, कंपन्यांमार्फत, २००७ पासून. लासलगावचं विकिरण केंद्र त्यासाठीच गाजलं होतं. आपल्या बॅगेतून डझनभर नेता येत नाहीत. आमरसाचे सीलबंद डबे चेक-इनमध्ये टाका आणि फॉर्मवर लिहा, तोंडाने पण सांगा. लपवलं की दंड.

आगाऊ_कार्टा :
लपवण्यावरून माझा किस्सा. मी मेलबर्नला गेलो होतो, "मैत्रिणीला" भेटायला. (आता तीच बायको आहे, ती हा धागा वाचते, तेव्हा सगळं खरं लिहितोय.) घरी कोणालाच माहीत नव्हतं, आईला सांगितलं कंपनीचं ट्रेनिंग आहे. आई ती आईच, म्हणाली एवढ्या लांब चाललायस तर तिकडच्या कलीगला काहीतरी ने, आणि मेथीचे लाडू, चकल्या, शेंगदाण्याची चटणी असं पाच-सहा किलो भरलं. ऑस्ट्रेलियाचं कार्ड भरताना मी शहाण्यासारखं खाद्यपदार्थावर "हो" केलं. त्या बाईने टेबलावर सगळं मांडलं, एकेक डबा उघडून वास घेतला, लाडू दोन बोटांत धरून उजेडात फिरवला. सगळं पास. आणि मग चटणीच्या पिशवीखालून निघाली ओल्या कढीपत्त्याची भलीमोठी डहाळी, ओल्या रुमालात गुंडाळून, वर रबर लावलेला. आईने रात्री गुपचूप घातली होती, "तिकडे मिळत नाही ना". ताजी पानं तिकडे पूर्ण बंद. मी आधी हो लिहिलं होतं म्हणून नुसती डहाळी कचऱ्यात गेली, दंड झाला नाही. तर शेवंतीताई, बॅग स्वतः भरा आणि कुलूप लावायच्या आधी परत एकदा उघडून बघा. ओला कढीपत्ता अमेरिकेतही चालत नाही.

बाकी एकट्याने लांब जाण्याबद्दल, मला तर ते तास आवडले. फोन नाही, बॉस नाही, कोणी काही मागत नाही. सीटसमोरच्या नकाशावर ते पिटुकलं विमान किती सरकलं ते बघत बसायचं. फक्त शेवटच्या तासात पोटात गोळा येतो, समोर बघितल्यावर आधी काय बोलायचं ह्याचा. फोनवर वर्षभर बोललेलो, तरी.

अबोल_बकुळ :
तो गोळा मलाही आला होता, लंडनला भावाकडे जाताना. सख्खा भाऊ. मधल्या काळात आमचं धड बोलणं नव्हतं. बाकी लिहीत नाही.

रोखठोक :
एक विषय कोणी काढला नाही तो काढतो, व्हीलचेअर. आपल्याकडे चांगली चालती-फिरती माणसं तिकिटावर व्हीलचेअर घेतात, का तर रांग चुकते. विमानाच्या दाराशी पंचवीस-तीस खुर्च्या उभ्या आणि उतरल्यावर त्यातली निम्मी माणसं बेल्टवर स्वतःच्या बॅगा उचलतात. ज्याला खरी गरज आहे तो ताटकळतो. शेवंतीताई, तुम्ही हे करू नका.

माहेरवाशीण :
अर्धं पटलं, अर्धं नाही. माझ्या सासूबाई मंडईत तासभर फिरतात, पण इंग्रजी येत नाही, बोर्ड वाचता येत नाहीत, गेट बदललं तर कळणार नाही. त्यांच्यासाठी खुर्ची म्हणजे हात धरून नेणारं माणूस आहे. मग त्यांनी काय करावं? चुकून दुसऱ्याच गेटवर जाऊन बसावं?

टर्मिनल_दोन :
बऱ्याच कंपन्यांकडे नुसती सोबत करणारी सेवा वेगळी मिळते, काही ठिकाणी पैसे पडतात. ती विचारा. खुर्ची खरी गरज असेल तर फुकट आहे आणि ती हक्काने घ्यावी.

शेवंती :
मला इंग्रजी येतं, बँकेत काढली वर्षं. चालता पण येतं. खुर्ची नको. पण खरं सांगायचं तर घाबरते मी त्या माणसाला, काचेमागे बसतो तो. मागच्या वेळी सगळी उत्तरं ह्यांनी दिली. आता तो विचारणार कशासाठी आलात, आणि मी काय सांगू, मैत्रीण? घरच्यांनाच पटत नाही तर त्याला काय पटणार.

इलिनॉयकर :
ताई, मी नेपरव्हिलपासून पाऊण तासावर राहतो, म्हणून लिहितोय. तुमच्या घरच्यांना जे कारण पटत नाही ना, ते त्या काचेमागच्या माणसाला सगळ्यात आधी पटतं. टुरिस्ट व्हिसा कशासाठी असतो? फिरायला आणि नातेवाईक-मित्रांना भेटायला. "टू व्हिजिट माय फ्रेंड." संपलं. उलट आपल्याकडे जे एकदम मान्य कारण आहे, नातवाला सांभाळायला, लेकीच्या मदतीला, तेच तिथे अडचणीचं. सांभाळायला आलात म्हणजे कामाला आलात का, असा प्रश्न निघू शकतो. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी कौतुकाने सांगितलं होतं की सून जॉबला जाते, आता बाळाचं सगळं मीच बघणार. बाजूच्या खोलीत बसवलं बराच वेळ.

तर तुम्ही कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का, खर्च कोण करणार, एवढीच उत्तरं तयार ठेवा. मैत्रिणीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवा, मोबाईल ऐन वेळी बंद पडतो. व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल तर दोन्ही पासपोर्ट न्या, जुना घरी ठेवू नका. आणि राहायची मुदत व्हिसाच्या तारखेवर नसते, तो अधिकारी देतो त्यावर असते, आय-९४ म्हणतात, ऑनलाइन बघता येते.

आता रोखठोक साहेबांच्या सोफ्याबद्दल, कारण तिथे त्यांचा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडे पाहुणे आले की पहिला आठवडा सण असतो, दुसरा बरा जातो, आणि मग आपण ऑफिसात असताना घरी बसलेलं माणूस काय करत असेल ह्याचं ओझं मनावर असतं. ते ओझं उतरवायचं असेल तर पाहुण्याने स्वतः बाहेर पडायला शिकावं. नेपरव्हिलला त्या बाबतीत बरं आहे, तिथून मेट्राची ट्रेन थेट शिकागोच्या युनियन स्टेशनला जाते. मुंबईच्या बाईला लोकल शिकवायची गरज नाही, उलट बसायला जागा मिळेल म्हणून चुकल्यासारखं होईल. स्टेशनवरून चालत आर्ट इन्स्टिट्यूट. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला भाषण केलं ती हीच इमारत. नदीवरची बोटीची फेरी घ्या, इमारतींची माहिती सांगतात. गावातली लायब्ररी उत्तम आहे. नोव्हेंबर ते मार्च मात्र येऊ नका, थंडीत घरातच बसाल आणि मग रोखठोक जिंकतील.

रोखठोक :
मी जिंकायला आलेलो नाही. पण धन्यवाद.

सहारकर :
अवांतर होईल, माफी. मी सहार गावातला, एअरपोर्टच्या भिंतीला लागून वाढलो. १९८१ ला सहारचं टर्मिनल झालं, त्याआधी आंतरराष्ट्रीय विमानंही सांताक्रूझहूनच. वडील लोडर होते. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, त्या विमानाचं नाव मलबार प्रिन्सेस, हे ते पोरांना इतिहास शिकवावा तसं सांगायचे. आमच्या लहानपणी एक माणूस परदेशी निघाला की टेम्पो भरून माणसं सोडायला यायची, हार, नारळ, रडारड. रात्री दोनला टेम्पोत भजी सुटायची. एकटा जाणारा माणूस एकटा वाटायचाच नाही, आत गेल्यावरसुद्धा काचेला नाकं लावून अख्खी चाळ उभी. आता टी-टूला, म्हणजे टर्मिनल दोनला, गाडी थांबली की मागचा हॉर्न मारतो, मिठी मारायला पण वेळ नाही. बाकी ताई, आत गेलात की ती कलाकुसरीची लांब भिंत आहे, लवकर पोचलात तर बघत बसा. लोक तिच्याकडे पाठ करून ड्यूटी फ्रीत चॉकलेटं घेतात.

खमंगकाकडी :
काका, हे अवांतर नाही, वेगळा धागा काढा. रात्री दोनची भजी!

अवखळ :
एकटीने म्हणून एवढी चर्चा, पण आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी नवऱ्याला मागे ठेवून बोटीने गेल्याच ना. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्क. पंधरा तासांचं काय घेऊन बसलात.

रोखठोक :
त्या डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. कारण होतं.

अवखळ :
झालं, परत कारण! म्हणजे बाईने जायचं तर डिग्री आणा नाहीतर बाळंतपण आणा. पुरुष मित्राबरोबर गोव्याला जातो तेव्हा त्याला कोणी पर्पज ऑफ व्हिजिट विचारत नाही.

सातारी_तडका :
तो विचारायच्या पलीकडचा असतो 😀

रोखठोक :
मी पुरुषांनाही हेच विचारतो. माझा एक मित्र न्यू झीलंडला आहे, दरवर्षी बोलावतो. मी नाही गेलो.

माहेरवाशीण :
का नाही गेलात?

रोखठोक :
तेच, खर्च. मग कोविड. मग त्याची बायपास. आता आम्ही दोघंही म्हणतो, बघू.

अबोल_बकुळ :
रोखठोक, तिकिटाचे दर बघायला पैसे पडत नाहीत.

डॉ_गवतीचहा :
बायपास झालेल्याने विमानात बसायला हरकत नसते, सहसा डॉक्टरांच्या सल्ल्याने. म्हणजे त्यालाच बोलवा इकडे. नुसतं सांगतोय.

आगाऊ_कार्टा :
धागा शेवंतीताईंचा, बुकिंग रोखठोकांचं 😀

शेवंती :
सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं अपडेट. मैत्रिणीशी बोलले आणि इलिनॉयकरांचं ओझ्याचं सरळ तिला विचारलं. म्हटलं खरं सांग, किती दिवस झेपेन तुला. ती आधी चिडली, मग जरा थांबून म्हणाली, तीन आठवडे, आणि मंगळवार-गुरुवार माझं स्विमिंग असतं त्या दिवशी तुझं तू बघ. मला इतकं बरं वाटलं. नुसतं "कितीही राहा" म्हणाली असती तर मी तिकडे चोरट्यासारखी वावरले असते.

सप्टेंबर ठरतोय, गणपती झाले की. अबू धाबीवरून, एकाच तिकिटावर, आइलची सीट. मुलाने बुक करून देतो म्हटलं, मी म्हटलं तू बाजूला बस, बटणं मी दाबते. इन्शुरन्सचा फॉर्म भरताना बीपीचा रकाना त्याला गाळायचा होता, प्रीमियम वाढतो म्हणून. मी बँकेतली, गाळू दिला नाही. लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच काढतात.

ह्यांच्या डब्याचा प्रश्न सुटलाय, खालच्या मजल्यावरच्या वहिनी पोळी-भाजी देतात. नणंदेचा फोन आला होता. म्हणाली जातेच आहेस तर माझ्या भाचेसुनेला ऑहायोला थोडं सामान पोचव. नकाशा पाठवून दिला तिला.

टर्मिनल_दोन :
उत्तम. मुलुंडहून निघताना पवईवरून येणार असाल तर साकीनाका-मरोळचा ट्रॅफिक धरून निघा. विमान पहाटेचं असेल तर प्रश्न नाही, संध्याकाळचं असेल तर चार तास आधी घर सोडा. आता मेट्रो तीनचं टी-टू स्टेशन झालंय पण दोन मोठ्या बॅगा घेऊन तो उद्योग नको.

माहेरवाशीण :
आणि नणंदेचं सामान घेऊच नका. बॅग तुम्ही स्वतः भरली का, हा प्रश्न काउंटरवर विचारतात. दुसऱ्याने बांधून दिलेलं पार्सल तर मुळीच नाही, सख्खी नणंद असली तरी.

खमंगकाकडी :
सख्खी नणंद असली तरी की असली म्हणून?

इलिनॉयकर :
शेवंतीताई, सप्टेंबरच्या शेवटी संध्याकाळी गारठा सुरू होतो, एक जाड स्वेटर हाताशी ठेवा. मंगळवार-गुरुवार कंटाळलात तर इथे निरोप टाका, सौ. म्हणाली जेवायला आणू.

रोखठोक :
जा. एवढं ऐकून मी पण जा म्हणतो. फक्त परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या, जास्त पडलं तरी. इतक्या वर्षांनी एका छताखाली तीन आठवडे म्हणजे भांडण पण होऊ शकतं.

शेवंती :
रोखठोक, घेतलंय तसंच. पण भांडण झालं तर आम्ही जिन्यात जाऊन भांडू, चाळीत भांडायचो तसं. तिच्या घराला जिना आहे हे आधीच विचारून ठेवलंय. तुमच्या न्यू झीलंडचं काय झालं?

रोखठोक :
दर बघितला. व्हिसाची फी पण बघितली. एवढंच.

अवखळ :
धागा काढा धागा काढा धागा काढा